विश्लेषण : परदेशातून आलेल्यांचे जुलाब दोन-दोन आठवडे का थांबत नाहीत? शिरगाव-पालघरने त्यातून काय ओळखावे?

वाढवण बंदर, बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि शिरगाव-केळव्याचे किनारे यांमुळे पालघर जिल्ह्यात परदेशातून येणाऱ्यांची वर्दळ वाढणार आहे. अशा प्रवाशांना सर्वाधिक छळणारा आजार म्हणजे जुलाब. बहुतेकांचे दुखणे तीन-चार दिवसांत आटोपते. काहींचे मात्र आठवडे लोटले तरी पोट ठिकाणावर येत नाही. त्यामागे अनेकदा जिवाणू नसतात, परजीवी असतात. ते ओळखायचे कसे, नेहमीच्या गोळ्यांना ते का जुमानत नाहीत आणि गावचे पाणी तपासतानाही ते नजरेतून का सुटतात, याविषयी…

शिरगावात परदेशी प्रवासी कोण?

आंतरराष्ट्रीय प्रवासी म्हटले की पाठीवर सॅक लावलेला गोरा पर्यटक डोळ्यांसमोर येतो. पालघर स्थानकातून सातपाटीच्या रस्त्याला लागल्यावर येणाऱ्या शिरगावात असा पर्यटक क्वचितच दिसतो. किल्ला आणि सुरूच्या झाडांचा किनारा पाहायला येणारे बहुतेक जण मुंबई-ठाण्याचे असतात. तरीही परदेशातून येणारी माणसे या पट्ट्याला नवी नाहीत. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९ मध्ये अमेरिकी कंपनीच्या साह्याने सुरू झाला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत यंत्रे बसवण्यासाठी आणि औषधनिर्मितीच्या पाहणीसाठी परदेशी तंत्रज्ञ व निरीक्षक येत असतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये त्याचे भूमिपूजन झाले. जपानच्या सहकार्याने उभ्या राहणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला आहे.

यापेक्षा जवळचा प्रवासी म्हणजे घरचाच माणूस. आखातात नोकरी करणारा, जहाजावर असणारा, कॅनडा-अमेरिकेत स्थिरावलेला मुलगा किंवा मुलगी गणपतीला, लग्नकार्याला, नाताळच्या सुट्टीत गावी येते. सोबत तिकडेच जन्मलेली नातवंडे असतात. प्रवासी आरोग्यशास्त्रात या मंडळींचा वेगळा गट मानला जातो : आप्तांना भेटायला जाणारे प्रवासी. हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा त्यांना धोका अधिक असतो. ते जास्त दिवस राहतात, घरचेच पाणी पितात, निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेत नाहीत. ‘आपलेच तर गाव आहे’ ही भावना त्यामागे असते.

प्रवाशांच्या जुलाबांत परजीवींचा वाटा किती?

अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेच्या प्रवासी आरोग्य मार्गदर्शिकेनुसार, ठिकाण आणि ऋतू यांप्रमाणे दोन आठवड्यांच्या प्रवासात ३० ते ७० टक्के प्रवाशांना जुलाबांचा त्रास होऊ शकतो. दक्षिण आशिया अधिक धोक्याच्या प्रदेशांत मोडतो. यातील ८० ते ९० टक्के प्रकरणांत दोष जिवाणूंचा असतो, ५ ते १५ टक्क्यांत विषाणूंचा. परजीवींचा वाटा अधिक काळ राहणाऱ्या प्रवाशांत साधारण १० टक्के. म्हणजे पहिल्या दिवशीच्या जुलाबांत परजीवीचा संशय घेण्याचे कारण नसते.

चित्र पालटते ते दिवस वाढू लागल्यावर. जिवाणू आणि विषाणू ६ ते ७२ तासांत लक्षणे दाखवतात आणि बहुधा आठवड्याच्या आत आवरतात. परजीवींना शरीरात जम बसवायला एक ते दोन आठवडे लागतात आणि उपचार न झाल्यास ते आठवडे-महिने मुक्काम ठोकतात. जगभरच्या प्रवासी दवाखान्यांचे ‘जिओसेंटिनल’ हे जाळे १९९५ पासून परतलेल्या आजारी प्रवाशांची नोंद ठेवते. २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १७,३५३ रुग्णांच्या अभ्यासात आग्नेय आशिया वगळता सर्व प्रदेशांतून परतलेल्यांत जिवाणूंपेक्षा परजीवींमुळे झालेले जुलाबच अधिक आढळले. याचे कारण सोपे आहे. जिवाणूंचा रुग्ण घरी पोहोचेपर्यंत बरा झालेला असतो. दवाखान्यात येतो तो परजीवीचा.

इथेच एक पेच आहे. दोन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या माणसाला गावात दहाव्या दिवशी संसर्ग झाला, तर तो आजारी पडतो टोरांटो किंवा दुबईत. तपासणी तिकडे होते, अहवाल तिकडच्या संगणकात राहतो. ज्या विहिरीमुळे, ज्या टाकीमुळे किंवा ज्या बर्फामुळे संसर्ग झाला, त्या गावाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे परजीवी नेमके कोणते?

प्रवाशांमध्ये मुख्यतः चार सूक्ष्म परजीवी आढळतात. चारही एकपेशीय. जंताच्या गोळीचा, म्हणजे अल्बेंडाझोलच्या एका मात्रेचा, आणि यांचा संबंध नाही.

जिआर्डिया : प्रवाशांत सर्वाधिक आढळणारा. सूक्ष्मदर्शकाचे आद्य अभ्यासक लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये स्वतःच्याच मलात तो पाहिला. लहान आतड्याच्या अस्तराला तो चिकटतो आणि अन्नातील स्निग्धांशाचे शोषण बिघडते. पोट फुगणे, गुडगुडणे, घाण वासाचे ढेकर, तेलकट व तरंगणारा मल, घटते वजन ही त्याची ओळख. ताप आणि रक्त सहसा नसते. बरे झाल्यावरही काही काळ दूध पचत नाही आणि अनेकांना आजार परतल्याचा भास होतो.

एंटअमिबा हिस्टॉलिटिका : आपल्याकडे ‘अमिबा’ किंवा ‘आमांश’ म्हणून घरोघरी ठाऊक असलेला. मोठ्या आतड्याला जखमा करतो, त्यामुळे आव आणि रक्त पडते. काही रुग्णांत तो यकृतात जाऊन गळू करतो. हे गळू प्रवासानंतर कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही उद्भवू शकते. ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे एवढेच लक्षण असते, जुलाब असतीलच असे नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम : पाण्यासारखे जुलाब, साधारण दोन आठवडे. धडधाकट माणूस आपोआप बरा होतो. एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा कुपोषित मूल यांच्यासाठी मात्र तो जीवघेणा ठरू शकतो.

सायक्लोस्पोरा : १९८९ पासून काठमांडूतील परदेशी रहिवासी व प्रवाशांच्या दुखण्यामुळे तो डॉक्टरांच्या नजरेत भरला. प्रचंड थकवा, भूक मरणे आणि मध्येच बरे वाटून पुन्हा जुलाब सुरू होणे ही त्याची रीत. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. शरीराबाहेर पडल्यावर त्याला एक-दोन आठवडे ‘पिकावे’ लागते, त्यामुळे कच्ची भाजी, कोथिंबीर, फळे हे त्याचे वाहन. १९९६ मध्ये ग्वाटेमालातून गेलेल्या रासबेरींमुळे अमेरिका व कॅनडात त्याची मोठी साथ पसरली होती.

पाहुण्याला होते, मग घरच्यांना का नाही?

यजमानांच्या घरी हमखास निघणारा हा प्रश्न. ‘आम्ही तर रोज हेच पाणी पितो’ हे उत्तरही ठरलेले. त्यात अर्धेच तथ्य आहे. लहानपणापासून वारंवार संसर्ग होत गेल्याने मोठ्यांच्या शरीरात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती तयार होते. परजीवी पोटात असूनही लक्षणे दिसत नाहीत. असा माणूस आजारी नसतो, पण त्याच्या मलातून परजीवीच्या सिस्ट म्हणजे कवचबंद अवस्था बाहेर पडत राहतात. परदेशात दहा-पंधरा वर्षे राहिलेल्याची ही ढाल हळूहळू निघून जाते. तिकडे जन्मलेल्या मुलांकडे ती नसतेच.

आणि गावातही ज्यांच्याकडे ती नसते असा एक वर्ग आहे : तान्ही आणि पाळण्यातून नुकतीच उतरलेली मुले. त्यांचे जुलाब ‘दात येताहेत’, ‘नजर लागली’, ‘पाणी बदलले’ अशा खात्यांवर जमा होतात. पाहुण्याच्या आजाराला परदेशातील प्रयोगशाळेत नाव मिळते, शेजारच्या घरातील मुलाच्या आजाराला मिळत नाही. पाण्याचा स्रोत मात्र दोघांचा एकच असू शकतो.

टीसीएल पावडरने परजीवी मरत नाहीत का?

ग्रामीण महाराष्ट्रात पाणी शुद्धीकरण म्हणजे टीसीएल, अर्थात ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती पाण्यात मिसळतो आणि ओटी चाचणी करून नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरिन पोहोचले का ते पाहतो. पटकी, विषमज्वर यांच्या जिवाणूंविरुद्ध हे हत्यार उत्तम आहे. ते बंद करून चालणारच नाही. परजीवींपुढे मात्र ते अपुरे पडते. जिआर्डियाच्या सिस्टना मारायला जास्त क्लोरिन आणि जास्त वेळ लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम तर योग्य प्रमाणात क्लोरिन असलेल्या जलतरण तलावातही सात दिवसांहून अधिक जिवंत राहू शकतो.

फडक्याने गाळणे हा दुसरा जुना उपाय. त्याने गाळ आणि डोळ्यांना दिसणारे जीव निघतात. जिआर्डियाची सिस्ट ८ ते १२ मायक्रॉनची, क्रिप्टोची ४ ते ६ मायक्रॉनची. चौपदरी सुती कापडाची छिद्रे याहून मोठी असतात. संसर्गासाठी अशा दहा सिस्टही पुरेशा होऊ शकतात. अल्कोहोलचे सॅनिटायझर क्रिप्टोविरुद्ध कुचकामी आहे, तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. बर्फातही या सिस्ट टिकून राहू शकतात, त्यामुळे ‘थंड आहे म्हणजे शुद्ध आहे’ हा समज घातक आहे.

खात्रीचा उपाय जुनाच आहे : उकळणे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरेसे असते, वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचे गाळणयंत्र आणि अतिनील किरणांचे यंत्रही परिणामकारक आहे. ‘आरओ’मधून परजीवी जाऊ शकत नाहीत, पण मेंब्रेन वेळेवर बदलले नसेल किंवा साठवणीची टाकी अस्वच्छ असेल तर फायदा वाया जातो. सार्वजनिक योजनेत तुरटीने गाळ बसवणे आणि वाळूच्या थरातून गाळणे या पायऱ्या असतील, तर बहुतांश सिस्ट तिथेच अडकतात. विहीर किंवा बोअरवेलचे पाणी थेट टाकीत चढवून फक्त टीसीएल टाकले जाते, तिथे ही चाळण नसते.

बोईसर-तारापूर परिसरात आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात पहिल्या क्रमांकावर होते. उकळल्याने परजीवी मरतात, रसायने जात नाहीत. ज्या बोअरवेलच्या पाण्याला रंग किंवा वास आहे, ते उकळूनही पिण्यायोग्य होत नाही.

गावच्या तपासणीत परजीवी का सुटतात?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या पंचायतीला चंदेरी कार्ड मिळते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ही व्यवस्था चांगली आहे. पण सूक्ष्मजीवांबाबत किट सांगते ते मलजन्य जिवाणू आहेत की नाहीत एवढेच.

अडचण अशी की, क्लोरिनने जिवाणू मेलेले आणि परजीवी शिल्लक असलेले पाणी या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. पिण्याच्या पाण्याच्या ‘आयएस १०५००’ या भारतीय मानकात १० लिटर पाण्यात जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम आढळता कामा नये, अशी अट आहे. पण ती तपासणी खर्चीक व किचकट असते, गावच्या किटमध्ये ती बसत नाही. त्यामुळे गावासाठी खरा निकष प्रयोगशाळेचा नसून डोळ्यांनी दिसणारा आहे. विहिरीला कठडा आणि ओटा आहे का? शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १० ते १५ मीटर दूर आहे का? जलवाहिनी गटारातून तर जात नाही ना? किनारपट्टीवरील वाळूमिश्रित जमीन आणि भूजलाची उथळ पातळी यांमुळे शोषखड्ड्यातील पाणी विहिरीकडे झिरपण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यात ती आणखी वाढते आणि नेमकी तेव्हाच गणपतीची गर्दी असते.

औषधाच्या दुकानातील गोळीने काय बिघडते?

जुलाब लागले की दुकानातून ‘ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल’ किंवा ‘मेट्रोनिडाझोल’ची पट्टी आणायची, ही रीत शहर-गाव सगळीकडे आहे. दोन गोळ्यांत बरे वाटले की उरलेल्या ड्रॉवरमध्ये. यात तीन तोटे आहेत. एक, सौम्य जुलाबांना प्रतिजैविकाची गरजच नसते. दोन, दक्षिण आशियात फ्लुरोक्विनोलोन गटाच्या औषधांना जिवाणूंचा प्रतिरोध इतका वाढला आहे की, प्रवासी आरोग्य मार्गदर्शिकांत गंभीर जुलाबांसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिनला पसंती दिली जाते. तीन, अर्धवट मात्रेने परजीवी दबतो, मरत नाही आणि मलतपासणीतही सापडेनासा होतो.

चार परजीवींची औषधेही एकसारखी नाहीत. जिआर्डियावर टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल किंवा निटाझोक्सानाइड चालते. अमिबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोलनंतर आतड्यात उरलेल्या सिस्ट मारणारे दुसरे औषध, उदाहरणार्थ डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिन, द्यावे लागते. ते राहून गेले की आजार परतू शकतो. क्रिप्टोवर निटाझोक्सानाइड. सायक्लोस्पोरावर यातले नेहमीचे काहीच लागू पडत नाही, त्याला को-ट्रायमॉक्सॅझोल लागते. कोणते, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मेट्रोनिडाझोल सुरू असताना मद्य वर्ज्य.

तपासणीतही बारकावे आहेत. परजीवी रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने देणे योग्य. नेहमीच्या मलतपासणीत क्रिप्टो आणि सायक्लोस्पोरा दिसत नाहीत, त्यासाठी विशेष रंजक प्रक्रिया करावी लागते. त्यामुळे ‘कशासाठी तपासायचे’ हे चिठ्ठीवर लिहिलेले असावे लागते. अमिबाच्या बाबतीत तर सूक्ष्मदर्शकाखाली रोगकारक प्रकार आणि निरुपद्रवी भाऊबंद सारखेच दिसतात. खात्रीसाठी अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी लागते.

चुकीच्या निदानाची किंमत काय असू शकते, याचे उदाहरण १९३३ चे आहे. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला आलेले पाहुणे दोन हॉटेलांत उतरले. तिथल्या सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. पाहुणे घरोघरी परतल्यावर आजारी पडले. अमेरिकेच्या वेगवेगळ्या राज्यांतील डॉक्टरांना ते अपेंडिक्स किंवा आतड्याचा दाह वाटला, काहींच्या शस्त्रक्रियाही झाल्या. अमिबाने शंभराच्या आसपास बळी घेतले. आजार एका शहरात लागला आणि निदान चुकले दुसऱ्याच गावांत.

हा प्रश्न फक्त भारताचा आहे का?

नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून सुटलेल्या क्रिप्टोस्पोरिडियममुळे अंदाजे चार लाख तीन हजार लोक आजारी पडले. मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या ब्रिक्सहॅम परिसरात याच परजीवीमुळे सुमारे १६ हजार घरे व आस्थापनांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. पालघरहून परदेशी जाणाऱ्यानेही तिकडचे पाणी डोळे झाकून निर्धोक मानू नये, विशेषतः जलतरण तलावातील.

पालघरसाठी अधिक बोलके उदाहरण नॉर्वेतील बर्गन शहराचे आहे. २००४ च्या शरद ऋतूत तिथल्या पाणीपुरवठ्यात जिआर्डिया शिरला. तो परदेशवारीचा आजार असल्याच्या समजामुळे प्रवास न केलेल्या रुग्णांची त्यासाठी तपासणी होत नव्हती, म्हणून साथ उशिरा उघडकीस आली. तीन वर्षांनंतरच्या पाहणीत बाधितांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना आतड्यांच्या चिडखोरपणाचा, म्हणजे आयबीएसचा त्रास आढळला. बाधा न झालेल्या तुलनेच्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. ‘पाहुण्यांचा आजार’ हे लेबल लावले की घरचा रुग्ण दिसेनासा होतो, हा त्याचा धडा.

प्रवासी आणि यजमानांनी काय काळजी घ्यावी?

पाहुण्याला माठातले पाणी द्यायचे तर आधी उकळून माठात भरावे आणि ओगराळ्याने काढावे. वाफाळता भात, गरम कालवण, तळलेला मासा, चहा हे निर्धोक. ताक, कोशिंबीर, ओली चटणी, पाणीपुरी यांत कच्चे पाणी जाते. ताडगोळा सोलून लगेच खाल्ला तर धोका कमी, पाण्यात भिजवून ठेवलेला टाळावा. तिसऱ्या, कालवे पाणी गाळून जगतात आणि परजीवी साठवतात, त्यामुळे ती पूर्ण शिजवलेलीच खावीत.

बर्फाबाबत सावध राहण्याचे कारण किनारपट्टीवर अधिक आहे. मासेमारीसाठी बनणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. उसाच्या रसात व गोळ्यात तो जाऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक केले. गाडीवरचा बर्फ निळसर दिसला, तर ते पेय नाकारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. समुद्रात डुंबताना नाल्याच्या मुखापासून दूर राहावे. ज्याला जुलाब आहेत किंवा नुकतेच थांबले आहेत, त्याने तलावात उतरू नये.

जुलाब लागले तर पहिले औषध ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी त्याची ताकद दाखवून दिली. एक लिटर पाण्याच्या पाकिटात २०.५ ग्रॅमचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण असावे. गोड पेयांच्या खोक्यांना फसू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास मनाई केली. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंक द्यावे. रक्त पडणे, ताप, लघवी कमी होणे, मूल मलूल होणे असे काही दिसल्यास थांबू नये. आणि दिवस मोजावेत : जुलाब १४ दिवसांपुढे गेले की परजीवींची तपासणी मागून घ्यावी. परदेशी परतल्यावर आजारी पडल्यास तिकडच्या डॉक्टरांना गावाचे नाव, राहिलेले दिवस आणि घेतलेल्या गोळ्या सांगाव्यात. निदान झाले की गावी फोन करून तेही सांगावे.

खरी किंमत कोण मोजते?

प्रवाशाची किंमत बुडालेली रजा आणि घटलेले तीन-चार किलो वजन एवढी असते. गावातल्या मुलाची किंमत वेगळी आहे. सात देशांत झालेल्या आणि २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेम्स’ अभ्यासात कोलकाताही होते. मध्यम ते तीव्र जुलाबांच्या प्रमुख चार कारणांत रोटाव्हायरसच्या सोबतीला क्रिप्टोस्पोरिडियम निघाला. रोटाव्हायरसची लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून आली. क्रिप्टोवर लस नाही. पाच वर्षांखालील चार लाख ४० हजारांहून अधिक मुले जगात दरवर्षी जुलाबांनी दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वाचलेल्या मुलाचेही नुकसान होते. वारंवार संसर्गाने आतडे अन्न शोषेनासे होते, मूल खाते पण अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांत तीन दशके येत आहे. भरपूर पाऊस पडूनही मोखाड्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. मुलाच्या ताटाची चर्चा होते, पेल्याची तितकी होत नाही.

पुढे काय?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा विहिरींची आणि टाक्यांची तपासणी युद्धपातळीवर झाली. दुर्मीळ आजार आला की पाण्याकडे लक्ष जाते, रोजच्या जुलाबांनी ते जात नाही. पालघरला वाट पाहण्याची गरज नाही. बंदर आणि रेल्वेमुळे कामगार वसाहती, खानावळी, टँकरच्या फेऱ्या वाढतील. त्यांच्या पाण्याला टीसीएलसोबत गाळणी सक्तीची करणे, शोषखड्डा आणि विहीर यांतील अंतर बांधकाम परवानगीच्या वेळीच पाहणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात १४ दिवसांपुढच्या जुलाबांची वेगळी नोंद ठेवून नमुना जिल्ह्याला पाठवणे, ही कामे फार खर्चाची नाहीत.

सुट्टी संपवून गेलेल्या पाहुण्याचे पोट बिघडल्याचा फोन आला की यजमान खजील होतात आणि विषय तिथेच मिटतो. वास्तविक तो फोन म्हणजे गावच्या पाण्याविषयी फुकटात मिळालेली सूचना असू शकते. ती ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली, तर त्याचा लाभ पुढच्या पाहुण्याला होईलच. त्याहून जास्त तो त्याच गल्लीतील दोन वर्षांच्या मुलाला होईल.